आर्द्रा लागण्यापूर्वी गावतलावाचा भराव पायी फिरून पाहावा

मृगाच्या सरी पडून पेरणीची गडबड सुरू झाली की गावतलावाकडे कोणी फिरकत नाही, आणि नेमका त्याच पंधरवड्यात उन्हाळाभर भेगाळलेला भराव पाणी अडवू लागतो. चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री, आर्द्रा सरत आलेल्या असताना फुटले, खालची भेंदवाडी वाहून गेली आणि वीसच्या आसपास माणसे दगावली. गळतीच्या तक्रारी गावाने त्याआधीच केल्या होत्या. फुटीचे खापर खेकड्यांवर फोडले गेले तेव्हा राज्यभर थट्टा झाली. खेकडे आणि घुशी भराव पोखरतात हे खरे आहे, परंतु बीळ काही एका रात्रीत आरपार जात नाही; ते बुजवण्याइतका वेळ कोणाच्या तरी हाती होता.

तलाव कोणाचा, हे आधी शोधावे लागते. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेची कामे साधारणपणे जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतात, त्याहून मोठी राज्य शासनाच्या यंत्रणेकडे. केंद्राचा २०२१ चा धरण सुरक्षा कायदा पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक करतो, पण तो पायापासून १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटर उंचीची धरणे माथ्याची लांबी किमान ५०० मीटर, साठा किमान १० लाख घनमीटर अशा अटींपैकी एखादी पूर्ण झाली तरच त्यात येतात. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर बांधलेले बहुतेक पाझर तलाव या मापात बसत नाहीत. त्यामुळे खालच्या अंगाला ज्यांची शेती आहे, त्यांनीच पहिली नजर ठेवणे भाग आहे.

पाहणीला दोघांनी सकाळी जावे आणि सुरुवात माथ्यावरून नव्हे, तर खालच्या पायथ्यापासून करावी. माथ्यावर लांबीच्या दिशेने गेलेल्या भेगांपेक्षा पाण्याकडून शेताकडे आडव्या गेलेल्या भेगा अधिक घातक असतात. भेग किती खोल आहे ते कळण्यासाठी तीत चुन्याची निवळी ओतावी आणि पांढरी खूण संपेपर्यंत खणून, ओलसर माती सहा-सहा इंचांच्या थरांनी धुमसाने ठोकून भरावी. वरून पाटीभर माती लोटल्याने भेग नुसती झाकली जाते. हे काम तलाव कोरडा असतानाच आणि विभागाला कळवून करावे. भरावातून कोणी मोटारीची पाइपलाइन नेली असेल, तर तिच्या कडेने पाणी वाट काढते. अशी पाइपलाइन आपल्याच भावकीची असली तरी लेखी कळवावी.

जादा पाणी बाहेर सोडणारा सांडवा हा तलावाचा जीव आहे आणि त्याचे हाल बहुतेक वेळा आपणच केलेले असतात. कोणी सांडव्याचे पाणी नाल्यापर्यंत नेणारा पुच्छ कालवा नांगरून त्यात सोयाबीन पेरतो, कोणी चार दिवस जास्त पाणी टिकावे म्हणून सांडव्यावर गोण्या रचतो, तर मासेमारीचा ठेकेदार मासे निसटू नयेत म्हणून जाळे बांधतो आणि पहिल्याच पुरात त्या जाळ्यात पऱ्हाट्या, झुडपे अडकून भिंत तयार होते. २०० हेक्टर पाणलोटावर एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील निम्मेच पाणी वाहून आले, तरी ते १ लाख घनमीटर, म्हणजे १० कोटी लिटर होते. सांडव्याने ते सोडले नाही, तर ते माथ्यावरून जाते, आणि माथ्यावरून वाहणारे पाणी मातीचा भराव काही तासांतच कापून काढू शकते.

तलाव भरू लागल्यावर मुख्य काम गळती ओळखण्याचे आहे. मातीच्या भरावातून थोडे पाणी पाझरतेच आणि दगडी पायथ्याशी निवळ झिरपा दिसला म्हणून घाबरू नये. झिरप्याची धार एका ठरलेल्या जागी वळवून पंधरा लिटरचा डबा किती वेळात भरतो ते रोज वहीत लिहावे, शेजारी तलावाची पातळी लिहावी आणि एक काचेची बाटली भरून ठेवावी. पातळी तीच असताना डबा लवकर भरू लागला, किंवा सकाळी बाटलीच्या तळाशी गाळ बसलेला दिसला, तर पाण्याबरोबर भरावाची माती बाहेर येत आहे असे समजावे. पायथ्याच्या शेतात वारुळासारखी छोटी वाळूची कडी करून पाणी बुडबुडत वर येत असेल, तर त्यावर चिखल दाबू नये, कारण कोंडलेले पाणी दुसरीकडे फुटते. भोवती गोण्यांचे कडे करावे आणि आत आधी जाड वाळू, मग खडी, मग दगड असे थर टाकावेत, म्हणजे पाणी निघून जाईल आणि माती थांबेल. भीतीपोटी मोरी पूर्ण उघडून तलाव झपाट्याने रिकामा करण्याचा मोह होतो. पाणी एकदम उतरले तर आतल्या बाजूचा ओला उतार घसरतो, म्हणून किती आणि कसे सोडायचे हे अभियंत्यानेच ठरवावे.

तक्रार तोंडी करू नये. फोटो, तारीख, पातळी आणि डबा भरण्याची वेळ लिहून संबंधित उपविभाग, तहसीलदार आणि ग्रामपंचायत यांना अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. गढूळ पाणी वाढू लागले, माथा खचला किंवा सांडव्याचे पाणी माथ्याला टेकू लागले, तर अर्जात वेळ न घालवता १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला आणि ११२ वर कळवावे, नाल्याकाठची घरे रिकामी करावीत, दावणीची जनावरे सोडून उंचावर हाकावीत आणि मोटार काढायला कोणालाही नाल्यात उतरू देऊ नये. तिवरे रात्री फुटले होते. म्हणून तलाव भरलेला असताना मुसळधार पाऊस लागला, तर भरावापासून दूर, उंच जागेवरून रात्रभर बॅटरीने पाहणारे दोन जण पाळीने ठेवावेत.

भरावावरील वेड्या बाभळी पावसाळ्यात उपटू नयेत, कारण मुळांच्या जागी पोकळी राहते. लहान रोपे आत्ता काढावीत आणि मोठ्या झाडांचे काम पाणी उतरल्यावर विभागाच्या देखरेखीखाली करावे. उन्हाळ्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ नेताना भरावाच्या पायथ्यालगत जेसीबी लावू देऊ नये आणि खोदाईची हद्द अभियंत्याकडून चुन्याने आखून घ्यावी.