दुर्मीळ यिडिश नावाचा माग कसा काढावा : ‘फाइवुश’चे उदाहरण

मध्य आणि पूर्व युरोपातील ज्यू घराण्यांच्या जुन्या कागदपत्रांत ‘फाइवुश’ किंवा ‘फाइविश’ हे यिडिश, म्हणजे तेथील ज्यूंच्या जर्मनशी नाते असलेल्या भाषेतले, आज क्वचितच ठेवले जाणारे पुरुषाचे नाव भेटते. अशा नावाचा शोध घेताना अर्थाच्या मागे लागण्याआधी त्याची सर्व लिखित रूपे जमा करावीत. रशियन अमलाखालील पोलंडमध्ये १८२६ पासून ज्यूंच्या जन्म, विवाह व मृत्यूच्या नोंदी स्वतंत्र वह्यांत पोलिशमध्ये होत. १८६८ पासून त्या रशियनमध्ये होऊ लागल्या. त्यामुळे एकाच माणसाचे नाव दोन लिप्यांत, आणि कधी ‘फाइवल’ या लाडक्या रूपातही सापडते.

मग जोडनाव पाहावे. धर्मविधीसाठी हिब्रू नाव आणि रोजच्या व्यवहारासाठी यिडिश नाव अशी रीत होती. थडग्यावरील लेखात ती दोन्ही बहुधा शेजारी येतात. ‘त्सवी हिर्श’ या जोडीत दोन्ही शब्दांचा अर्थ हरीण, म्हणून तेथे उलगडा सोपा होतो. ‘फाइवुश’च्या आधी मात्र ‘उरी श्रगा’ असते. ‘उरी’मध्ये हिब्रूतील प्रकाश आहे, तर ‘श्रगा’ म्हणजे अरामी भाषेत दिवा. यावरून हे नाव ‘फीबस’ या ग्रीक सूर्यदेव अपोलोच्या तेजोवाचक बिरुदापासून आले, असे चटकन वाटते, आणि नेमके येथेच थांबून मागचा काळ तपासावा. मध्ययुगीन ज्यूंमध्ये ‘विवुस’, ‘विवेस’ अशी नावे होती. लॅटिनमध्ये ‘विवुस’ म्हणजे जिवंत, म्हणजेच ‘जीवन’ या अर्थाच्या ‘हाईम’ या हिब्रू नावाचा जवळचा सोबती. जर्मन लेखनात शब्दारंभीच्या ‘व्ही’ अक्षराचा उच्चार ‘फ’ होतो, म्हणून ‘विवुस’पासून ‘फाइवुश’पर्यंतची वाट ध्यानात येते, सूर्याशी आणि दिव्याशी त्याची सांगड नंतर घातली गेली. तरीही ‘प्रकाश’ हा अर्थ चुकीचा म्हणून खोडू नये. कित्येक पिढ्यांनी तो मनापासून मानला, त्याच भावनेने मुलांची नावे ठेवली. म्हणून टिपणात व्युत्पत्ती आणि रूढ अर्थ दोन्ही, वेगवेगळे लिहावेत.

शुद्धलेखनासाठी ‘गेट’ या धार्मिक घटस्फोटपत्राविषयीचे ग्रंथ फार उपयोगी पडतात. पत्रात नाव चुकले तर ते अवैध ठरण्याची भीती असे, म्हणून रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, नावांच्या याद्या केल्या. ज्यू विवाह-घटस्फोटाच्या धर्मनियमांवरील सतराव्या शतकातील ‘बेत श्मुएल’ या भाष्यातही अशी यादी आहे, आणि भाष्यकार श्मुएल यांच्या वडिलांचेच नाव उरी श्रगा फाइवुश होते.

स्थलांतरितांच्या अमेरिकन कागदांत याच माणसाचा ‘फिलिप’ झालेला असू शकतो. ती निवड बहुधा केवळ ध्वनिसाम्यावरून होई, म्हणून ‘फिलिप’चा अर्थ मूळ नावाला चिकटवू नये.