सबक्लिपला नावं ठेवताना या चुका टाळा

सारंगखेड्याची यात्रा शूट करून आलं की रेकॉर्डरच्या कार्डात काही तासांचा आवाज असतो आणि फाइलींची नावं झूम०००१, झूम०००२ अशी. घोडेबाजाराचा गलका, तापीकाठचा वारा, भोंग्यावरच्या सूचना, एका व्यापाऱ्याची लांबलचक मुलाखत, सगळं त्यातच. मग प्रीमिअर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये हव्या तुकड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी इन-आउट खुणा लावायच्या, कंट्रोल-यू दाबून त्याची सबक्लिप, म्हणजे लांब क्लिपमधला वेगळा नोंदवलेला तुकडा, करत सुटायचं आणि सॉफ्टवेअर जे नाव सुचवेल त्यावर ओके करायचं. अर्ध्या तासात बिन, म्हणजे प्रोजेक्टमधलं क्लिपांचं फोल्डर, ‘झूम०००३.सबक्लिप०१४’ छापाच्या नावांनी भरते. पुढचा आठवडा एकेक क्लिप वाजवून बघण्यात जातो.

‘भारी’, ‘चांगला बाइट’, ‘फायनल २’

ही नावं त्या दिवसापुरती कळतात. त्यापेक्षा बोलणाऱ्याचे शब्दच नावात घ्या. व्यापारी म्हणाला, दात पाहिले की घोड्याचं वय कळतं, तर सबक्लिप ‘व्यापारी_दात पाहून वय_स्वच्छ’. आधी कोण, मग काय बोलला, शेवटी आवाज कसा: स्वच्छ, वारा, हॉर्न. हा क्रम उलटा करू नका, कारण अरुंद कॉलममध्ये नावाची शेपटीच कापली जाते. अहिराणी मुलाखत असेल तर अहिराणीच ठेवा. ‘आजी_मनी माय सांगे’ हे वाचताक्षणी आजीचा सूर आठवतो. ‘आजी_बालपण’ने तो आठवत नाही.

आकडे घालायचे तर ०१, ०२ असे घाला. सगळ्याच सॉफ्टवेअरला १ नंतर २ येतो हे कळत नाही. काही सॉफ्टवेअर १ नंतर थेट १० मांडतात.

एकच गोष्ट, तीन स्पेलिंगं

आपल्या खानदेशात हा घोळ जरा जास्तच. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते. तिची गाणी रेकॉर्ड करणारा एक जण ‘कानबाई’ लिहितो, दुसरा ‘कानुबाई’, तिसरा इंग्रजी अक्षरांत जमेल तसं. सर्चमध्ये एक टाकलं की बाकीच्या दोघांचं काम दिसतच नाही, आणि ‘रेकॉर्डिंग केलंच नाही’ म्हणून भांडण. गाव, सण, माणसं यांची नावं कशी लिहायची ते कामाला बसण्याआधी एका कागदावर ठरवा आणि कागद मॉनिटरशेजारी चिकटवा. डिस्कवरच्या मूळ फाइली व फोल्डर मात्र साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवलेले बरे. देवनागरी नावं प्रोजेक्टच्या आत.

सबक्लिप झाली, आता मूळ फाइल उडवली तरी चालेल

नाही चालत. सबक्लिप ही नवी फाइल नसते, मूळ फाइलीतल्या एका तुकड्याकडे केलेला निर्देश असतो. नुसत्या बिनमधून मूळ क्लिप काढली तर सबक्लिप टिकते. डिस्कवरून फाइल गेली की सगळ्या सबक्लिपा ऑफलाइन, म्हणजे वाजतच नाहीत. कार्ड रिकामं करायच्या घाईत हेच होतं. कार्डावरून थेट एडिट करू नका, आधी हार्ड डिस्कवर कॉपी घ्या.

शब्दाला चिकटून कापणं

दोन वाक्यं क्रॉसफेडने, म्हणजे एक आवाज विरत असताना दुसरा चढवत, जोडायची तर दोन्ही बाजूंना थोडा जादा आवाज लागतो. सबक्लिप करताना पुढे-मागे एक-दोन सेकंद सोडा. टाइमलाइनवर, म्हणजे क्लिपा ओळीने मांडतो त्या पट्टीवर, क्लिपची कड ओढूनही हलत नसेल तर सबक्लिपच्या हद्दीबाहेर ट्रिम (कड पुढे-मागे) न करू देणारी खूण चालू राहिलेली असते. क्लिप मेनूतल्या ‘एडिट सबक्लिप’मध्ये हद्द वाढवता येते किंवा सबक्लिपची पुन्हा हद्द नसलेली सोर्स क्लिप (जुन्या आवृत्त्यांत मास्टर क्लिप) करता येते.

सिंक नंतर बघू

हे सगळ्यात महागात पडतं. आवाज रेकॉर्डरवर, चित्र मोबाइलवर, आणि पन्नास सबक्लिपा झाल्यावर सिंकची, म्हणजे आवाज चित्राशी जुळवण्याची, आठवण. मग प्रत्येक तुकडा वेगळा जुळवत बसा. आधी अख्खी फाइल चित्राशी जुळवा, सुरुवातीला आणि शेवटालाही ओठ बघून घ्या. मोबाइलचा फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) बऱ्याचदा कमीजास्त होत राहतो, त्यामुळे सुरुवातीला जुळलेलं शेवटी सरकलेलं असतं. कॉलर माइकचा आवाज एकाच कानात येत असेल तर ऑडिओ चॅनलची दुरुस्तीही याच टप्प्यावर, मूळ क्लिपवर करून घ्या.

नुसता खोलीचा आवाज फेकून देणं

भुसावळात मे महिन्यात कूलर बंद ठेवून मुलाखत द्यायला कोणी तयार होत नाही. त्यामुळे प्रत्येक वाक्याखाली कूलरची घरघर असते आणि दोन वाक्यांमध्ये रिकामी जागा सोडली की ती घरघर एकदम तुटते. कोणी बोलत नसतानाचा अर्धा मिनिट वेगळा काढा, ‘शांतता_भुसावळ_कूलर’ असं नाव द्या, जोडावर अंथरा. एका खोलीची शांतता दुसऱ्या खोलीला चालत नाही, म्हणून जागेचं नाव हवंच.

जुनं प्रोजेक्ट निस्तरायला घेतलंत तर सगळं बदलत बसू नका. टाइमलाइनवर वापरलेल्या सबक्लिपांपुरतंच करा. बिनमध्ये नाव बदलूनही टाइमलाइनवर जुनंच दिसत असेल तर प्रोजेक्ट सेटिंग्जच्या जनरल भागात बिनमधलं नाव व लेबलचा रंग सगळीकडे दाखवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा.