शर्यतीचे जुने विमान पुन्हा उडवताना

डागडुजी पूर्ण होऊन शर्यतीचे जुने विमान हँगरबाहेर येते, तेव्हा त्याचा ताजा रंग पाहून ते नव्यासारखेच भक्कम असणार असा समज सहज होतो. विमान उडवण्याची जबाबदारी घेणाऱ्याने हा समज पहिल्याच दिवशी बाजूला ठेवावा, कारण यांतली बरीच विमाने दीर्घ आयुष्य डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली नव्हती. डी हॅव्हिलंड कंपनीने डीएच ८८ 'कॉमेट' हे विमान १९३४ च्या इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया शर्यतीसाठी घडवले, आणि त्यातल्या 'ग्रोव्हनर हाउस'ने मिल्डनहॉल ते मेलबर्न हा प्रवास ७१ तासांत संपवून ती जिंकली. तेच विमान आज इंग्लंडमध्ये ओल्ड वॉर्डनला जपलेले आहे. मात्र २००२ साली उतरताना त्याच्या चाकांचा सांगाडा कोसळला आणि ते पुन्हा आकाशात जायला २०१४ साल उजाडले.

म्हणून कामाची सुरुवात कॉकपिटमध्ये बसून करू नये, कागदपत्रांपासून करावी. कोणता भाग मूळचा आहे, कोणता बदलला, कोणी आणि कशाच्या आधारावर बदलला, हे लॉगबुकात, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, सापडले पाहिजे. ज्या बदलाची नोंद नाही, तो तपासलेलाच नाही असे समजून वागावे. हा आग्रह कोणाला अतिरेकी वाटेल, पण अमेरिकेतील रेनो येथे १६ सप्टेंबर २०११ रोजी जे घडले ते वाचल्यावर तसे वाटणार नाही.

त्या दिवशी शर्यतीत धावणाऱ्या 'गॅलपिंग घोस्ट' या पी-५१ मस्टँग विमानाच्या डाव्या एलेव्हेटरचा, म्हणजे विमानाचे नाक वरखाली करणाऱ्या शेपटीवरच्या हलत्या पृष्ठाचा, ट्रिम टॅब (त्याच्या मागच्या कडेची छोटी हलती पट्टी) जोराने फडफडू लागला आणि तुटला. विमान इतक्या झटक्याने वर उसळले की वैमानिकावर १७ जीपेक्षा, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सतरा पटींपेक्षा, जास्त भार आला व तो क्षणार्धात निकामी झाला. विमान प्रेक्षकांजवळ कोसळून वैमानिकासह ११ जणांचा मृत्यू झाला आणि साठहून अधिक जण जखमी झाले. तपासात मूळ कारण निघाले ते टॅब धरून ठेवणाऱ्या स्क्रूंच्या जुन्या लॉकनटांचे, म्हणजे आपोआप सैल होऊ नयेत म्हणून आत पकड असलेल्या नटांचे. त्यांच्या आतली पकड झिजली होती, त्यामुळे स्क्रू सैल झाले आणि एकाला तडा गेला. त्यातच विमानात मोठे बदल केलेले होते, पण त्यांची पुरेशी नोंद नव्हती आणि तेवढ्या वेगाला त्यांची चाचणीही झालेली नव्हती.

यावरून करायची कामे साधी आहेत, पण ती टाळता येत नाहीत. नियंत्रण पृष्ठांवरचे (विमान वळवणाऱ्या एलेव्हेटरसारख्या हलत्या भागांवरचे) लॉकनट एकदा काढले की पुन्हा वापरण्याचा मोह आवरावा आणि नवेच बसवावेत. जो नट पकडीच्या भागातूनही नुसत्या बोटांनी फिरतो, तो तिथल्या तिथे फेकून द्यावा. एलेव्हेटर स्थिर धरून ट्रिम टॅबची मागची कड दोन बोटांत घ्यावी आणि वरखाली हलवून पाहावी: हाताला जाणवणारी ढिलाई मोजून तिची त्या विमानाच्या मर्यादेशी तुलना करावी. नव्या रंगाचाही येथे थेट संबंध येतो. बिजागरीच्या मागच्या बाजूला रंगाचे थर चढले की पृष्ठाचा तोल मागे झुकतो आणि फडफडीचा धोका वाढतो, म्हणून रंगकामानंतर एलेव्हेटर, रडर (शेपटीचे उभे पृष्ठ) आणि एलेरॉन (पंखांवरची हलती पृष्ठे) पुन्हा तोलून घेतल्याशिवाय विमान उडवू नये.

लाकडी विमानात शत्रू आहे तो ओलावा. त्या काळच्या अनेक विमानांचे सांधे दुधातील प्रथिनापासून केलेल्या केसीन सरसाने जोडलेले असत, आणि दमट हवेत तो सरस कुजतो. पंखाच्या तळाची पाणी निथळण्याची भोके मोकळी आहेत ना, हे दर वेळी पाहावे.

तारकाकृती, म्हणजे रेडियल इंजिन काही काळ उभे राहिले की खालच्या सिलिंडरांत तेल उतरते, आणि तशा स्थितीत ते सुरू केल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. त्यासाठी मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणारे यंत्र, बंद असल्याची खात्री करून, तरीही ते चालू असल्यासारखेच सावध राहून, प्रॉपेलर हाताने फिरवावा. मध्येच अडकल्यासारखे वाटले तर जोर लावू नये व उलटाही फिरवू नये. खालचे स्पार्क प्लग काढून तेल बाहेर येऊ द्यावे.

उड्डाणातला सर्वांत फसवा क्षण बहुधा कमी वेगाचा असतो. उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जाताना मस्टँगसारख्या विमानात थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमीजास्त करणारा दांडा, एकदम पुढे ढकलला, तर इंजिनाच्या पिळाने विमान डावीकडे कलंडते आणि ते सावरायला खाली उंचीच उरलेली नसते. हा प्रसंग आधी पुरेशा उंचीवर, जमिनीपासून दूर, शक्ती हळूहळू वाढवत वारंवार सरावावा. शेपटीच्या चाकावर धावणाऱ्या विमानात जमिनीवर समोरचे नीट दिसत नाही. त्याची सवय साध्या, मंद विमानावर झाल्याशिवाय या विमानाला हात लावू नये.

पहिली उड्डाणे जुन्या विक्रमी वेगापासून बरीच दूर ठेवावीत. वेग टप्प्याटप्प्याने वाढवावा आणि मार्ग असा आखावा की विमानाचे नाक कधीही माणसांच्या दिशेने नसेल. पॅराशूट बांधलेले असावे आणि कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचे झाकण, उघडण्याचा सराव डोळे मिटून झालेला असावा.

प्रत्येक नट घट्ट केल्यावर नटावरून स्क्रूवर जाणारी रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवावी. विमान उतरल्यावर इंजिन थंड होईपर्यंत टॉर्च घेऊन त्या सगळ्या रेघा पाहाव्यात, आणि एखादी जरी तुटलेली किंवा सरकलेली दिसली तरी त्या दिवशीचे पुढचे उड्डाण रद्द करून तशी नोंद लॉगबुकात करावी.