भिंतीतली धाडधाड

वॉशिंग मशीनने पाणी घेणं थांबवलं की बाथरूमच्या भिंतीत धाड! सासूबाई दचकायच्या. प्लंबर म्हणाला, "हवा अडकलीय." हवा काढली, आवाज तसाच.

मग मी नळ सावकाश बंद करून पाहिला: शांतता. झटक्यात बंद केला: धाड. म्हणजे वाहतं पाणी अचानक अडून पाइपला धक्का देत होतं. चौदा मजली इमारत, आम्ही दुसऱ्यावर, टाकी गच्चीत. दर दहा मीटर उंचीला साधारण 1 बार दाब. नळाला दाब मोजणारा गेज लावला, काटा थेट 4 च्या पुढे!

घरात येणाऱ्या लाइनवर प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह बसवून दाब 2 बारवर आणला. डक्टमध्ये पाइप भिंतीला धरून ठेवणारा एक क्लॅम्पही निखळला होता, तो आवळला. शॉवर जरा मंदावलाय, मुलगा कुरकुरतो. कुरकुरू दे.