कावळा ओळखताना आणि न्याहाळताना या चुका टाळा

पितृपंधरवड्यात गच्चीवर पान ठेवलं की आमच्या सोसायटीत दरवर्षी कुणीतरी म्हणणारच, "बघा बघा, केवढा काळाकुट्ट! हा तर रेव्हन!" नाही हो, डोमकावळा आहे तो. रेव्हन म्हणजे कावळ्याचाच थोराड, पूर्ण काळा भाऊबंद, आणि त्याचा मुक्काम महाराष्ट्रात नसतो. भारतात तो बघायचा तर बिकानेर-जैसलमेरकडच्या कोरड्या मुलखात नाहीतर लडाखच्या उंचीवर जावं लागतं. आपल्या गच्चीवर येणारे दोघेच: गावकावळा आणि डोमकावळा. खरा गोंधळ होतो तो या दोघांत.

पहिली चूक म्हणजे नुसत्या रंगावर जाणं. गावकावळ्याची मान आणि छाती राखाडी, बाकी अंग काळं. डोमकावळा सगळाच काळा. पाठ करायला सोपं आहे. पण संध्याकाळी पाण्याच्या टाकीवर, आभाळाकडे पाठ करून बसलेला कुठलाही कावळा काळाच दिसतो. मी याच घोळात कित्येक गावकावळ्यांना डोमकावळे म्हणून वहीत टिपून ठेवलं होतं. अशा वेळी चोच बघा. डोमकावळ्याची चोच चांगली जाडजूड, वरची कड पुढे बाक घेत उतरलेली आणि कपाळ तिच्यावर उभं चढलेलं. गावकावळ्याची चोच त्यामानाने सडसडीत. तेही जमलं नाही तर कान द्या. गावकावळ्याचं 'काव काव' कोरडं, किंचित नाकातलं असतं. डोमकावळा घशातून, जड आवाजात ओरडतो. आकाराचा उपयोग दोघं शेजारी बसले असतील तरच. गावकावळा साधारण ४० सेंटीमीटरचा, डोमकावळा त्याहून थोडा मोठा. एकटा बसलेला असेल तर हा फरक डोळ्यांना कळत नाही.

काळा तो नर आणि राखाडी ती मादी, असंही अनेकजण छातीठोकपणे सांगतात. दोन्ही जातींत नर-मादी दिसायला सारखेच. (डोमकावळ्याचं शास्त्रीय वर्णन विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३२ मध्ये केलं, तेही आपल्या दख्खनमधल्या पक्ष्यांवर लिहिताना. म्हणजे हा अगदी घरचाच.) नावांवरही विसंबू नका. पाणकावळा कावळ्यांच्या कुळातला नाहीच, आणि लांब शेपटीचा तांबूस टकाचोर मात्र आहे.

अमेरिकेत राहणाऱ्यांना रेव्हन खरोखर भेटतो, तेव्हा त्यांच्यासाठी थोडं वेगळं. तो उडत असताना शेपूट बघा. कावळ्याची शेपूट पंख्यासारखी उघडते, रेव्हनची मधोमध लांब, पाचरीसारखी. गळ्याखाली विस्कटलेल्या दाढीसारखी पिसं असतात, आणि घारीसारखा पंख न हलवता तो बराच वेळ तरंगतो. काव काव नाही, खोल घोगरा खर्ज.

ओळख पटली की पुढच्या चुका सुरू होतात. एप्रिलच्या उन्हात आमच्या पत्र्यावर एक कावळा पंख पसरून, मान वाकडी करून, चोच उघडी टाकून पडला होता. मेला की काय म्हणून मी टॉवेल घेऊन धावलो. दोन हातांवर पोचलो तसा तो उठला, अंग झटकलं, शेवग्यावर जाऊन बसला आणि मला यथेच्छ शिव्या घातल्या. ऊन घेत होता बिचारा! मुंग्यांच्या वारुळावर बसून अंगावर मुंग्या चढवून घेणारा कावळाही आजारी नसतो. काळजी करायची ती पक्षी तोल जाऊन पडत असेल किंवा आसपास बरेच कावळे मरून पडले असतील तर. २०२१ च्या जानेवारीत आपल्या राज्यात मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडला होता. अशा पक्ष्याला हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवा.

"कावळा टोचा मारतोय, काय करू?" हा मे-जूनमधला प्रश्न. जवळपास पिल्लू असतं, दुसरं काही नाही. निळसर डोळे, चोचीच्या कोपऱ्यात गुलाबी कड, उडता धड येत नाही, असं ते झुडपाखाली बसलेलं असतं. ते उचलून घरी नेणं ही सगळ्यात मोठी चूक. रस्त्यात असेल तर जवळच्या फांदीवर ठेवा आणि लांब व्हा. माणसाने शिवलं म्हणून आईबाप टाकत नाहीत. दगड तर अजिबात मारू नका. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये मुखवटे घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. तो मुखवटा दिसला की कावळे पुढे कित्येक वर्षं कल्ला करत राहिले. ते तिकडचे कावळे, पण आपल्याकडे तरी पैज कशाला लावा? दोन-तीन आठवडे छत्री घ्या नाहीतर दुसऱ्या फाटकाने जा.

पंख फडफडवत घास मागणारं पिल्लू कावळ्याचंच असेल असंही नाही. कोकिळेची अंडी गावकावळ्याच्या घरट्यात असतात, त्यामुळे पोसणारा कावळा आणि खाणारं पिल्लू कोकिळेचं, हे दृश्य जून-जुलैत दिसतं.

खायला फरसाण, चिवडा, खारं-तळलेलं काही घालू नका. पोळीचे चार तुकडे, कधी उकडलेलं अंडं, तेही संपेल एवढंच. उरलं की उंदीर येतात आणि मग शेजारी. सोबत पसरट मातीच्या भांड्यात पाणी ठेवा. कडक पोळी कावळा त्यात बुडवतो, उचलून बघतो, पुन्हा बुडवतो आणि मऊ झाली की खातो. पोट भरलं की उरलेलं लपवतो. परवा एकाने पोळीचा तुकडा माझ्या शेवंतीच्या कुंडीत खुपसला, वर सुकं पान ओढलं. कठड्यावरून दुसरा बघतोय हे ध्यानात आल्यावर सगळं उकरून तुकडा शेजारच्या कुंडीत हलवला. दुसरा उडून गेल्यावर परत पहिल्या कुंडीत. शेवंती आता नव्याने लावावी लागणार आहे.