सकाळी साखर जास्त आली म्हणून रात्रीचा डोस वाढवताय? थांबा

सकाळी उपाशीपोटी मीटरवर २१० दिसलं आणि त्याच रात्री इन्सुलिन दोन युनिटने वाढवलं, ही चूक मला सगळ्यांत जास्त भीतीदायक वाटते. सकाळच्या त्या एका आकड्यावरून रात्रभर काय घडलं ते कळत नाही.

आधी दोन-तीन रात्री झोपताना, पहाटे ३ वाजता आणि उठल्यावर साखर तपासा. झोपतानाच जास्त असेल, तर मुळाशी बहुधा उशिराचं जड जेवण असतं. ३ वाजता ठीक होती आणि नंतर चढली, तर तो पहाटेच्या हार्मोन्सचा परिणाम. कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन वाढतं, यकृत रक्तात साखर सोडतं आणि ती आवरायला इन्सुलिन अपुरं पडतं. ३ वाजता ७० च्या खाली असेल, तर डोस वाढवणं जिवावर बेतू शकतं. नोंदी डॉक्टरांना दाखवा, डोस तेच ठरवतील.

‘रात्री उतरली असणार, म्हणूनच सकाळी उसळली’ हेही न तपासता धरून चालू नका. जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल सोमोजी यांनी १९३० च्या दशकात मांडलेली ही कल्पना आजही सांगितली जाते. पण अंगावर लावून सतत साखर मोजणाऱ्या सेन्सरच्या नोंदी पाहिल्या, तर रात्री साखर उतरलेल्यांची सकाळचीही बहुधा कमीच असते.

सकाळी जास्त येण्याचं एक साधं कारण मात्र विसरलं जातं: रात्री साखर उतरली की घाबरून हाताला येईल ते खाणं. साखर ७० च्या खाली असेल आणि शुद्धीवर असाल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तरच परत घ्या. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर सावकाश चढते.

घामाने भिजलेले कपडे, वाईट स्वप्नं, उठल्यावर जड डोकं, या रात्री साखर उतरल्याच्या खुणा असू शकतात, थकवा म्हणून सोडून देऊ नका. संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त व्यायाम झाला असेल किंवा मद्य घेतलं असेल, तर त्या रात्री ३ वाजताची तपासणी चुकवू नका. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांनीही साखर उतरते, फक्त इन्सुलिननेच नाही.

सेन्सर वापरणाऱ्यांनी एवढं पाहावं: सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपल्याने दाब पडून आकडा खोटाच कमी दिसू शकतो. बोट टोचून खात्री करा.

आणि घरच्यांना आजच सांगून ठेवा: माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, ग्लुकागॉन (साखर वाढवणारं तातडीचं औषध) असेल तर द्यायचं आणि लगेच रुग्णवाहिका बोलवायची.