इंग्रजीतलं 'गेट' नेमकं कसं वापरायचं

'गेट' म्हणजे 'मिळणे' एवढंच पाठ केलं, तर रोजच्या बोलण्यात लगेच अडायला होतं. शब्दकोशातले सगळे अर्थ घोकायचीही गरज नाही. 'गेट'चा अर्थ बहुतेक वेळा त्याच्या पुढे काय आलंय यावर ठरतो, म्हणून आधी पुढचा शब्द पाहायचा.

पुढे नाम आलं तर मिळणे, आणणे किंवा विकत घेणे: 'आय गॉट अ लेटर', 'गेट सम मिल्क'. विशेषण आलं तर स्थिती बदलते, आणि त्यासाठी मराठीत बऱ्याचदा एकच क्रियापद असतं: 'गेट वेट' भिजणे, 'गेट टायर्ड' दमणे. इथे 'बी' (अ‍ॅम, इज, आर) या क्रियापदाशी गल्लत करू नका. 'ही इज अँग्री' म्हणजे तो आत्ता रागावलेला आहे, 'ही गेट्स अँग्री' म्हणजे त्याला राग येतो. 'मला उशीर होतोय' यासाठी 'आय अ‍ॅम गेटिंग लेट' आपल्याकडे सर्रास चालतं. ब्रिटिश किंवा अमेरिकन माणूस 'आय अ‍ॅम रनिंग लेट' म्हणेल. 'इट्स गेटिंग लेट' म्हणजे बराच वेळ झाला, रात्र होत आली.

पुढे ठिकाण आलं तर पोहोचणे: 'गेट टू द स्टेशन'. होम, हिअर, देअर यांच्याआधी मात्र 'टू' लावायचं नाही, नुसतं 'गेट होम'. वाहनांचा नियम सोपा आहे. ज्यात उभं राहून चालता येतं, त्या बस, ट्रेन, विमानाला 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ'. जिथे फक्त बसता येतं, त्या कार किंवा टॅक्सीला 'गेट इन' आणि 'गेट आउट ऑफ'. सायकल, मोटरसायकलवर आपण वर बसतो, म्हणून तिथेही 'ऑन' आणि 'ऑफ'च. बसमधून उतरण्यासाठी आपण वापरतो ते 'गेट डाउन' भारताबाहेर खटकतं.

सगळ्यात जास्त सराव लागतो तो काम दुसऱ्याकडून करून घेण्याच्या रचनेला. मराठीत 'मी केस कापले' म्हटलं तरी कापणारा न्हावी आहे हे कळतं. 'आय कट माय हेअर' म्हटलं की कात्री तुमच्याच हातात येते. योग्य वाक्य 'आय गॉट माय हेअर कट'. क्रम लक्षात ठेवा: गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. 'गेट द फोन रिपेअर्ड', 'गेट द फॉर्म साइन्ड'. करणाऱ्या माणसाचं नाव घ्यायचं असेल, तर त्याच्यानंतर 'टू' आणि मूळ क्रियापद: 'आय गॉट हिम टू साइन', म्हणजे त्याच्याकडून सही करून घेतली. यात बहुधा समजावणं, गळ घालणं आलं. 'आय मेड हिम साइन' म्हणजे त्याला सही करायला लावली, आणि तिथे 'टू' येत नाही. हा 'टू' इकडचा तिकडे जातो, म्हणून दोन्ही वाक्यं जोडीनेच म्हणून पाहा.

'गेट टू नो' जपून वापरा. एखादी बातमी कळली, तर 'आय फाउंड आउट' किंवा 'आय हर्ड'. 'गेट टू नो' माणसाशी हळूहळू ओळख वाढण्यासाठी आहे. लग्नाच्या वाक्यात 'गेट मॅरिड टू' येतं, 'विथ' नाही.

'हॅव गॉट'मध्ये मिळण्याचा अर्थ उरत नाही: 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, 'आय हॅव गॉट टू गो' म्हणजे मला जायलाच हवं. अमेरिकेत 'गॉटन' हे वेगळं रूप आहे. तिथे 'आय हॅव गॉटन टायर्ड' सहज म्हणतात, पण जवळ असण्याच्या अर्थाने 'गॉटन' कधीच नाही.

अर्जात किंवा कार्यालयीन पत्रात 'गेट' सैल वाटतं. तिथे मिळण्यासाठी 'रिसीव्ह', प्रयत्नाने मिळवण्यासाठी 'ऑब्टेन', होण्यासाठी 'बिकम' लिहा. बोलताना मात्र 'आय रिसीव्ह्ड अ कोल्ड' म्हणू नका. सर्दीला 'गॉट' किंवा 'कॉट' हवं.